वीस दात, बावीस दात

शुक्रवार, अकरा एप्रिल, दुपारी सव्वातीन. ठिकाण, पनवेलमधल्या आमच्या कॉलेजची प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. मोजलेले दात चौसष्ट. नोंदवहीप्रमाणे असायला हवे होते सहासष्ट. वसुलीची रक्कम सहा हजार दोनशे रुपये. हजर होते वाणिज्य विभागाचे सर, आमच्या विभागप्रमुख मॅडम, प्रयोगशाळेतला शिपाई आणि मी. शिवाय दारात तिसऱ्या वर्षाची सात मुलंमुली जर्नलवर सही घ्यायला उभी होती. त्यांना हजर धरायचं की नाही, याचा मी बराच विचार केला. पण ती हसली, म्हणून धरतो.

मी या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. काचेची भांडी, रसायनं, सूक्ष्मदर्शक, बरण्यांतले साप, हाडांचे सांगाडे हे सगळं माझ्या ताब्यात असतं. एकदा विकत घेतलं की वर्षानुवर्षं टिकायचं असं जे सामान, त्याची एक जाड नोंदवही असते. तिला आम्ही डेडस्टॉक म्हणतो. दरवर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्या विभागाचे प्राध्यापक येऊन वहीतली वस्तू आणि कपाटातली वस्तू ताडून बघतात. त्या वर्षी आमच्याकडे वाणिज्यचे सर आले.

दात मोजायची पद्धत आमच्याच विभागात का आहे, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माणसाच्या कवटीतले चार दात विद्यार्थ्यांनी आठवण म्हणून काढून नेले होते. तेव्हापासून कवटी कोणाचीही असो, घोड्याची, कुत्र्याची किंवा वटवाघळाची, वहीत तिच्यापुढे दातांचा आकडा लिहायचा असा नियम झाला.

तर त्या दिवशी सरांनी चिपमंकच्या कवट्यांचा संच बाहेर काढायला लावला. चिपमंक म्हणजे आपल्या खारीचा परदेशातला नातेवाईक. या खऱ्या कवट्या नव्हत्या, शिकवण्यासाठी केलेल्या राळेच्या प्रतिकृती होत्या. मूळ आकाराच्या दुप्पट, एकूण तीन, एका लाकडी पाटावर बसवलेल्या. संचाची किंमत अठरा हजार सहाशे. वहीत लिहिलं होतं, ‘चिपमंक कवटी, नग तीन, दात प्रत्येकी बावीस, एकूण सहासष्ट.’

सरांनी खिशातलं बॉलपेन काढलं आणि टोकानं दात मोजायला सुरुवात केली. पहिली कवटी, बावीस. दुसरी, बावीस. तिसरी, वीस. त्यांनी पुन्हा मोजली. पुन्हा वीस.

“काय हो मामा, दोन दात कुठे गेले?”

“बघतो सर.”

“बघताय काय? विकले की काय? की बायकोला डूल करून दिले?”

दारातली मुलं तेव्हा हसली.

मामा ही हाक आमच्याकडे शिपायांना मारतात. त्यात वाईट काही नाही, आमचा शिपाई ती आनंदानं घेतो. पण मी सहायक आहे, हे सरांना सोळा वर्षं माहीत होतं. मी म्हणालो, “सर, मी सहायक आहे.”

“बरं, सहायक मामा. वर्षानुवर्षं कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरता, आणि आत उंदराएवढ्या जनावराचे दात सांभाळता येत नाहीत? अजून काय काय गेलंय कोण जाणे.”

शेवटचं वाक्य मी घरी येऊन वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं. दात गेला असं म्हणणं वेगळं आणि अजून काय काय गेलंय म्हणणं वेगळं.

मी मॅडमकडे पाहिलं. खरेदीच्या वेळी ती नोंद मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहिली होती. त्यांनी एक कवटी मोजली होती आणि तीननं गुणलं होतं. सगळीकडे असंच करतात. शंभर परीक्षानळ्यांच्या खोक्यातली एक बघायची आणि शंभर लिहायच्या. खाली माझी सही आहे. मीही मोजले नव्हते, हे इथे लिहून ठेवतो, कारण पुढे जे मी सरांच्या बाबतीत केलं ते लिहायचं असेल तर हेही लिहायला पाहिजे. मॅडम त्या वेळी मोबाइलमध्ये काहीतरी शोधत राहिल्या.

सरांनी अहवालात लिहिलं, ‘एका नगाचे दोन दात गहाळ. सहायकाचा निष्काळजीपणा. नगाची किंमत वसूल करावी.’ एक नग म्हणजे सहा हजार दोनशे. एप्रिल आणि मे अशा दोन पगारांतून तीन हजार शंभर आणि तीन हजार शंभर. पैशाचं एक वेळ सोसलं असतं. पण ते ‘निष्काळजीपणा’ लाल शाईनं माझ्या सेवापुस्तकात चढलं. एकतीस मे रोजी माझी नोकरीची चोवीस वर्षं पूर्ण होत होती आणि चोवीस वर्षांनी वरची वेतनश्रेणी मिळते. त्यासाठीच्या फायली त्याच तारखेला पुढच्या कार्यालयात जाणार होत्या. कार्यालय अधीक्षकांनी मला बोलावून सांगितलं, “लाल शेऱ्याची फाईल मी पाठवू शकत नाही. शेरा काढून आणा, लगेच पाठवतो.”

आम्ही विचुंब्याला राहतो. वन बीएचके, हप्ता अजून सहा वर्षं. हॉलमध्ये बायको शिकवण्या घेते, तेरा मुलं, दोन पाळ्यांत. तिचा घसा गेली दोन वर्षं दुखतो आणि डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं आहे. ठरलं असं होतं की श्रेणी लागली की जूनपासून शिकवण्या बंद. तिने मुलांच्या आयांना तसं सांगूनही टाकलं होतं.

त्या शुक्रवारी सगळे गेल्यावर शिपाई कवटी हातात घेऊन खिडकीपाशी गेला. तो उरणकडच्या गावातला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

“तुमी गप कशाला बसलाव?” तो म्हणाला. “दात पडला असता तं खड्डा नको? नायतर खुंट तरी? यो बगा.” आणि त्यानं आपला ओठ बोटानं वर ओढून स्वतःचे तीन पडलेले दात मला दाखवले. “माजे पडलेत, मना ठावं हाय. हितं तं गुळगुळीत हाय.”

मी भिंग लावलं. खरंच गुळगुळीत होतं. बाकीच्या दोन कवट्यांत वरच्या जबड्यात दाढांच्या पुढे, दोन्ही बाजूंना, मोहरीएवढा एकेक सुळका होता. तिसऱ्या कवटीत त्या जागी सुळका नव्हता, भोक नव्हतं, मोडल्याची खूण नव्हती. तिथे मुळात काही नव्हतंच.

पुढचे दोन आठवडे मी चिपमंकशिवाय दुसरं काही वाचलं नाही. आमच्या ग्रंथालयात सस्तन प्राण्यांवर दोन जुने ग्रंथ आहेत, ते इंग्रजीत, मी शब्दकोश घेऊन बसलो. मला वाटत होतं चिपमंक म्हणजे चिपमंक. तसं नाही. त्यांच्या पंचवीसएक जाती आहेत आणि त्यांचे तीन गट पडतात. एका गटात सैबेरियाकडची एकच जात. दुसऱ्यात अमेरिकेच्या पूर्व भागातली एकच जात. बाकीच्या सगळ्या अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या. हे तीन गट एकाच प्रजातीत घालायचे की तीन वेगळ्या प्रजाती मानायच्या, यावर शास्त्रज्ञांत पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे. एका ग्रंथात एक मांडणी, दुसऱ्यात दुसरी. तिघांच्या पाठीवर पट्टे, तिघांच्या तोंडावरही पट्टे, तिघांच्या गालांत दाणे भरून न्यायच्या पिशव्या. आपल्या बदामाच्या झाडावरच्या खारीला तोंडावर पट्टे नसतात आणि गालात पिशवी नसते. तेवढ्यानं खार वेगळी ओळखू येते. पण तीन चिपमंक एकमेकांपासून ओळखायचे तर आत बघावं लागतं.

पूर्वेकडचा अंगानं मोठा, शेपूट मात्र आखूड, एकूण लांबीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पश्चिमेकडच्यांची शेपूट जवळजवळ निम्म्या लांबीची. नराच्या लिंगात एक बारीक हाड असतं, त्याचा आकार गटागटांत वेगळा. आणि दात. सैबेरियन आणि पश्चिमेकडचे, वरच्या जबड्यात बारा, खालच्यात दहा, एकूण बावीस. पूर्वेकडच्याला वरची ती बारीक उपदाढ नसते. वर दहा, खाली दहा. वीस.

वीस. मी ग्रंथालयात उठून उभा राहिलो.

तरी पुस्तकातलं वाक्य दाखवलं तर सर म्हणणार, पुस्तकात काय, तुमच्या कवटीचं बोला. म्हणून ज्या कंपनीनं संच बनवला तिला मी ई-मेल पाठवली, पाटामागचा क्रमांक आणि तिन्ही कवट्यांचे फोटो जोडून. दोन मे रोजी उत्तर आलं. तिसरी प्रतिकृती पूर्वेकडच्या चिपमंकची आहे, तिला वीसच दात आहेत, साचा तसाच आहे, काहीही तुटलेलं नाही. तीन गटांतला फरक विद्यार्थ्यांना दिसावा यासाठीच संच तीनचा आहे.

मी ते उत्तर छापून घेतलं, घडी केली आणि माझ्या टेबलाच्या खणात टाकून खणाला कुलूप लावलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भात लावत होती. तिने हात पुसले. “मग उद्याच द्या की अधीक्षकांना. शेरा निघेल, फाईल जाईल.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“अधीक्षक शांतपणे एक कागद जोडतील, शेरा खोडतील. सरांना कळणारही नाही. त्यांनी चारचौघांत मोजले. चारचौघांतच परत मोजायला लावणार.”

“कधी?”

“अठ्ठावीस जूनला सर्व विभागांची सभा आहे. साठ्याच्या अहवालांना मंजुरी.”

“आणि फाईल एकतीस मेला जाणार.”

“हो.”

तिने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, “त्या माणसाच्या तोंडाकडे बघायला मिळावं म्हणून तुम्ही माझा घसा घालवताय.” मी म्हणालो, नंतरच्या खेपेला फाईल जाईल, फरक मागील तारखेपासून मिळेल, नुकसान काही नाही. ती म्हणाली, “घशाचा फरक मागील तारखेपासून मिळतो का?” आणि भाताचा गॅस बारीक केला.

सत्तावन्न दिवस मी तो कागद ठेवला. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण खोटंही सांगणार नाही, ते दिवस मला फार चांगले गेले. सर कॉरिडॉरमध्ये भेटायचे. “काय मामा, दात सापडले का?” मी म्हणायचो, “शोधतोय सर.” कँटीनमध्ये कुणी वडा मागितला की सर म्हणायचे, “मामांना विचारून घ्या हो, चावायला दात लागतील.” लोक हसायचे. मी प्रत्येक वेळची तारीख, जागा आणि हसणाऱ्यांची संख्या लिहून ठेवायचो. सत्तावन्न दिवसांत अकरा वेळा. एकदा तर मॅडमही हसल्या. मे महिन्याच्या पगारातून दुसरे तीन हजार शंभर कापले गेले तेव्हा मला जवळजवळ आनंद झाला. जितकी रक्कम पूर्ण, तितका हिशेब स्वच्छ.

एकतीस मेला फायली गेल्या. माझी गेली नाही. जून उजाडला आणि संध्याकाळी हॉलमध्ये पुन्हा तेरा मुलं बसली. मी स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचो आणि बाहेरून बायकोचा खरवडलेला आवाज यायचा, “सात आठे छप्पन्न. परत म्हण.”

अठ्ठावीस जून, शनिवार. सभागृहात प्राचार्य, अधीक्षक, सगळे विभागप्रमुख, आम्ही कर्मचारी, मिळून एकेचाळीस जण. आमच्या विभागाचा अहवाल आला तसा मी उभा राहिलो आणि म्हणालो की या अहवालातला दातांचा आकडा मला मान्य नाही, पुन्हा मोजणी व्हावी. पिशवीतून संच काढून टेबलावर ठेवला. शिपाई भिंग घेऊन मागे उभाच होता.

सर हसले. “अहो, दोनदा मोजले मी. वीस आहेत.”

“सर, वीसच आहेत. तेच म्हणतोय.”

“मग वाद कसला?”

“दोन गहाळ झाले, हा. चूक माझी निघाली तर मी आणखी एका कवटीची किंमत भरतो. तुमची निघाली तर?”

खोलीत कुजबुज झाली. सरांचा स्वभाव मला सोळा वर्षं माहीत होता. ते हात पसरून म्हणाले, “माझी निघाली तर तुमचे सहा हजार दोनशे मी माझ्या खिशातून भरीन. झालं समाधान?”

“हे इतिवृत्तात घ्या,” मी अधीक्षकांना म्हणालो. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य म्हणाले, “घ्या.” त्यांनी लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत मी थांबलो.

मग मी म्हणालो, “सर, तुम्हीच मोजा. मोठ्यानं.”

त्यांनी मोजले. पहिली कवटी, बावीस. दुसरी, बावीस. तिसरी, वीस. प्रत्येक आकडा त्यांच्याच तोंडून आला. मी शिपायाला खूण केली, त्यानं सरांच्या हातात भिंग दिलं. “आता सर, ते दोन दात जिथून गेले ती खोबणी दाखवा. नाहीतर मोडल्याची खूण.”

सर वाकले. खूप वेळ वाकून राहिले. त्यांचं टक्कल आणि त्यावरचा घाम एकेचाळीस जणांना दिसत होता.

“दिसत नाही काही,” ते शेवटी म्हणाले.

“मोठ्यानं, सर.”

“दिसत नाही म्हटलं ना!”

मग मी कंपनीचं पत्र वाचलं. मग ग्रंथातला उतारा. तीन गट, कोणात कुठली जात, शेपटीची लांबी, गालातल्या पिशव्या, वरची उपदाढ. लिंगातल्या हाडापर्यंत आलो तेव्हा इंग्रजीच्या मॅडमनी खाली मान घातली आणि प्राचार्य म्हणाले, “पुरे, समजलं.” मी म्हणालो, “सर, अर्धं पान राहिलंय.” आणि ते अर्धं पानही वाचलं. त्याची गरज नव्हती. वाणिज्यचे सर उभे होते आणि मी बसा म्हणेपर्यंत बसू शकत नव्हते, म्हणून वाचलं.

मागून कुणीतरी म्हणालं, “सर, डेबिट-क्रेडिटमध्येही एकच मोजून तीननं गुणता काय?” हशा झाला. खरं तर गुणाकार आमच्या मॅडमचा होता. मी तसं बोललो नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. अकरा एप्रिलला मी त्यांच्याकडे पाहिलं होतं तसं. मीही खिशातून मोबाइल काढला.

पत्राची तारीख प्राचार्यांनी पाहिली. “दोन मे? मग इतके दिवस कुठे होतं हे?”

“माझ्या खणात, सर.”

“का?”

“सभा आज होती म्हणून.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटतं त्या क्षणापासून त्यांचं माझ्याविषयीचं मत थोडं बदललं, आणि चांगल्या बाजूनं नाही. चालेल.

सभा संपल्यावर सर जिन्यात माझी वाट पाहत होते. आवाज उतरला होता. “अहो, तुम्ही त्याच दिवशी येऊन सांगितलं असतं तर मीच शेरा खोडला असता. इतकं करायची काय गरज होती?”

“अजून काय काय गेलंय कोण जाणे, असं तुम्ही म्हणालात.”

“मी? कधी?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. मला त्याचाच सगळ्यात जास्त राग आला. ते खिशातून पाकीट काढायला लागले. मी म्हणालो, “माझ्या हातात नको. कॅश काउंटरला भरा आणि पावतीवर कारण लिहून घ्या.”

सोमवारी त्यांनी भरले. पावतीवर अधीक्षकांनी कारण लिहिलं, ‘चिपमंकचे दात मोजण्यातील चुकीपोटी.’ तिची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यानंतर सरांनी मला मामा म्हटलेलं नाही. ते मला काहीच म्हणत नाहीत, कँटीनमध्ये मी आलो की चहा अर्धा टाकून उठतात. शेरा खोडला गेला, पण लाल रेघेखाली तो शब्द अजून वाचता येतो. नोंदवहीत आता दुरुस्ती आहे, ‘बावीस, बावीस, वीस. एकूण चौसष्ट.’ मॅडमनी ती माझ्याकडून लिहवून घेतली आणि या वेळी स्वतः मोजल्याशिवाय सही केली नाही.

फाईल ऑगस्टच्या खेपेला गेली. नवी श्रेणी नोव्हेंबरच्या पगारात आली, फरकासकट, मागील तारखेपासून. पाच महिने शिकवण्या जास्त चालल्या, जून ते ऑक्टोबर. दिवाळीच्या सुट्टीत तेरापैकी बारा मुलं निरोप घेऊन गेली. तेराव्याच्या आईनं वार्षिक परीक्षेपर्यंत थांबायची गळ घातली आणि बायको नाही म्हणू शकली नाही.

कॉलेजनं माझे कापलेले पैसे चेकनं परत केले. चेक वटला त्या दिवशी मी घरी आलो तर बायकोनं टेबलावर एक कागद ठेवला होता. घशाच्या डॉक्टरांच्या चार भेटी, औषधं, वाफेचं यंत्र, आणि शेवटी तिच्या अक्षरात, ‘तुमच्या सभेसाठी थांबल्याबद्दल.’ प्रत्येक ओळीपुढे आकडा होता. बेरीज पाच हजार नऊशे ऐंशी. मी दोनदा तपासली, बरोबर होती.

“वरचे दोनशे वीस?” मी विचारलं.

“तेही द्या,” ती म्हणाली. आवाज अजून पूर्ण आला नव्हता. “मोड नाही माझ्याकडे.”

सहा हजार दोनशे रुपये, रोख, बायकोला दिले.